सायकलींचा पाठचा दसरा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फूलबाजारात जावं. आदल्या दिवशी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं झेंडूचे ढीग नुसते पडून असतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. काल याच फुलांसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आज त्यांच्यावरून रिक्षा जातात. चुरगळलेल्या झेंडूचा तो कडवट, ओला, थोडासा औषधासारखा वास गोदावरीच्या वाऱ्याबरोबर नाकात शिरला की माझं वय गळून पडतं. यंदाही पडलं. साठी ओलांडलेली मी, कॅरिअरला पोतं बांधलेली सायकल हातात धरून त्या ढिगांसमोर उभी राहिले.

"काय आजी, दसरा तर काल झाला," टेम्पोत रिकामे क्रेट चढवणारा एक शेतकरी म्हणाला.

"तुमचा झाला. आमचा आज हाय," मी म्हणाले. मखमलाबादची बोली अशी कधीमधी आपोआप तोंडात येते.

त्यानं माझ्या सायकलीकडे पाहिलं, हसला आणि स्वतःच्या हातानं पोतं भरून दिलं. "न्या. तेवढाच कचरा कमी."

आम्ही फुलांच्या मळ्यातली माणसं. मखमलाबादला आमचा मळा होता. रस्त्याच्या अंगाला झेंडू, विहिरीच्या अंगाला शेवंती आणि बांधावर मोगऱ्याची थोडी झाडं, ती मात्र फक्त आईची. संध्याकाळी तोडणी आणि पहाटे बाजार. फुलं ओल्या गोणपाटात बांधून सायकलींवर चढायची. कॅरिअर लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेले, जेवायच्या पाटाएवढे रुंद. माल चढवला की सायकल मागं ओढली जायची आणि पुढचं चाक हवेत उठायचं. मग आम्हा पोरांपैकी कुणीतरी हँडलला लोंबकळायचं. बहुतेक वेळा ते काम माझं असे. तळहाताला लागणारं गार लोखंड आणि नाकाशी ओलं गोणपाट, माझी सकाळ अशी सुरू व्हायची.

मळ्यामळ्यांतून सायकली निघायच्या, नाक्याशी जमायच्या आणि तिथून एकामागे एक रांग लागायची. रांगेचा नियम एकच. ज्याचा माल जड तो पुढं. हलक्या सायकलवाल्यानं कितीही घाई असली तरी त्याला ओलांडायचं नाही. पुढच्याचा वेग तो सगळ्यांचा वेग. हा नियम कुणी घातला ठाऊक नाही, पण अंधारात कुणी एकटं मागं राहत नसे, एवढं खरं. मी आण्णांच्या सायकलीच्या दांडीवर बसून जायची. आण्णा म्हणजे माझे वडील. चेनची कुरकुर, टायरखाली भरडला जाणारा मुरूम, गोणपाटातून थेंबथेंब गळणारं पाणी. कुणी बोलत नसे. चढ आला की फक्त श्वास ऐकू यायचे, मग उतारावर मोकळी झालेली चाकं सगळी मिळून टिरटिर करत सुटायची. नदीजवळ आलो की गारठा अंगाला भिडायचा आणि देवळांच्या घंटा कानावर यायच्या.

रांगेत सगळ्यांत पुढं असायची जनाआत्या, आण्णांची थोरली बहीण. ती माहेरीच राहायची. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. नऊवारी नेसून ती दांडीची पुरुषी सायकल चालवायची, आणि तिच्या कॅरिअरवर सगळ्यांत मोठं गाठोडं असायचं. गावात कुजबूज होती. एकदा नाक्यावरच्या एका म्हाताऱ्यानं आण्णांना तोंडावर विचारलं, "बाईमाणूस सायकलीवर शोभतं का रे?"

आण्णा काही बोलायच्या आत आत्याच म्हणाली, "नऊवारीला कासोटा हाय. सायकलीला आन काय लागतं? चेनमदी अडकतं ते तुमचं धोतर."

 म्हाताऱ्याचं धोतर खरंच अडकायचं.

मला सायकल आत्यानंच शिकवली. दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून चालवायची कैची. मळ्याच्या वाटेवर मी इतक्या वेळा आपटले की गुडघ्यांना खपली धरायला उसंत मिळेना. आत्या झेंडूचा पाला तळहातावर चोळायची, त्याचा हिरवा रस जखमेवर पिळायची आणि म्हणायची, "रडायचं असंल तर सायकलीवर बसून रड." मी तसंच केलं. रडत रडत एक दिवस वाट संपली आणि डांबरी रस्ता आला, तेव्हा कळलं की मागं कुणी धरलेलंच नाही.

आणि पाठचा दसरा. सगळ्या गावाच्या गाड्यांना, यंत्रांना, तराजूंना दसऱ्याला हार पडायचे, पण ते हार वाहून नेता नेता आमच्या सायकलींना त्या दिवशी मान टाकायलाही वेळ नसायचा. म्हणून त्यांची पूजा दुसऱ्या दिवशी. जसा पाठचा भाऊ, तसा हा पाठचा दसरा. सकाळीच सायकली उलट्या करून विहिरीच्या पाण्यानं धुवायच्या, चेन रॉकेलनं साफ करायची, मग अंगणात ओळीनं उभ्या करून हँडलला हळदकुंकू आणि न खपलेल्या फुलांचे हार. फुलं आदल्या दिवशीची, थोडी मलूल. आई म्हणायची, जे उरलंय ते आपलं, आणि उरलेलं वाईट नसतं. एकदा पूजा झाली की दिवेलागणीपर्यंत सायकल जागची हलवायची नाही. घरात कुणी आजारी पडलं तर चालत जायचं, पण सायकलीला हात लावायचा नाही. वर्षभर आपण तिच्यावर बसतो, एक दिवस तिनं बसावं. त्या दुपारी मळ्यात अशी शांतता असायची की उन्हात तापलेल्या सीटच्या कातड्याचा वाससुद्धा लांबून यायचा. संध्याकाळी दिवा लागला की आण्णा आत्याला मागं बसवून देवळापर्यंत नेऊन आणायचे. वर्षातून तेवढ्या एका दिवशी आत्या कॅरिअरवर बसायची, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, माहेरवाशिणीसारखी.

पुढं मी शहरात शिकायला लागले तेव्हा नाशिक सायकलींचंच होतं. सातपूरच्या कारखान्यांचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली, हँडलला डबे, डब्यांचा खुळखुळाट. थिएटरबाहेरच्या सायकल स्टँडवर पत्र्याचा बिल्ला मिळायचा आणि सिनेमाभर तो मुठीत गरम व्हायचा. डायनॅमो नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा, ती फुस्स करून जायची आणि आम्ही मैत्रिणी हसत हसत सायकल ढकलत घरी जायचो. कॉलेजच्या उतारावर हात सोडून सायकल चालवणाऱ्या मुली होत्या त्या शहरात. मी त्यांतली एक होते. मग त्या सायकली कुठं गेल्या, कोण जाणे. एकेक करत जिन्याखाली गेल्या, गंजल्या, भंगारवाल्याच्या आरोळीबरोबर निघून गेल्या. आत्या गेली, मळ्यात बंगले उभे राहिले, आणि मी लग्न होऊन इंदिरानगरात आले.

मला राग येतो. वय झालं की राग विझतो म्हणतात. माझा विझला नाही. भाजी आणायला दोन गल्ल्या ओलांडायच्या तर मोटार बाहेर काढणाऱ्यांचा येतो, आणि "या वयात सायकल?" असं विचारणाऱ्यांचा जास्त येतो. निवृत्त झाल्यावर मी स्वतःसाठी सायकल घेतली तेव्हा कॉलनीत पहिले काही दिवस लोक मला बघायला गॅलरीत यायचे. मग एकेक बाई खाली यायला लागली. "काकू, मला शिकवाल?" कुणी चाळिशीची, कुणी पन्नाशीची. कुणाच्या भावांना सायकल मिळाली होती, तिला नव्हती. जॉगिंग ट्रॅकच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात मी त्यांना शिकवलं, आत्याच्याच वाक्यांनी. आमची संस्था नाही, बॅनर नाही, टी-शर्ट नाहीत. फक्त रोज सकाळी भाजीला, दळणाला, दुधाला सायकलींची रांग निघते. जी नवीन शिकली ती पुढं, जी सरावलेली ती मागं.

गेले काही महिने पुढं असते वैशाली. नामपूरची लेक, माझ्या समोरच्या इमारतीत दिलेली. वयानं माझ्या मुलीएवढी. एरवी शहरातलं मराठी बोलते, पण चिडली की तिच्या तोंडून अहिराणी येते आणि मला ती फार आवडते. तिला हायवेपलीकडच्या एका बालवाडीत नोकरी मिळाली, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. नवऱ्यानं, नितीननं, अट घातली. आमच्या कॉलनीच्या रस्त्याला कडेनं सायकलींसाठी पांढरा पट्टा आखलेला आहे. त्या पट्ट्यावरून जाणार असशील तर जा, म्हणाला. पट्टा नसेल तर मी स्कूटरवर सोडीन, आणि अंबडच्या कारखान्यात शिफ्ट लागली की त्या दिवशी तू घरी. नितीन वाईट नाही, त्याला भीती वाटते. पण रोज कुणीतरी सोडायचं आणि कुणाला वेळ नसला की घरी बसायचं, अशी नोकरी किती दिवस टिकते ते कळायला शहाणपण लागत नाही. पट्टा राहिला तर वैशालीची नोकरी राहणार होती.

आणि त्या पट्ट्यावर बोरसेसाहेबांची मोटार उभी असायची. त्यांच्यामागे इतरांच्या. बोरसेसाहेब आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. माणूस अदबीचा, पण त्यांच्या गॅरेजमध्ये मुलीच्या लग्नातलं जास्तीचं फर्निचर आहे, म्हणून मोटार रस्त्यावर. आमची रांग पट्ट्यावरून यायची, मोटारीशी थांबायची, आणि ती हलेपर्यंत आम्ही सगळ्या घंटी वाजवत राहायचो. साहेब बनियनवर खाली यायचे.

"ताई, पट्टा रिकामाच असतो की दिवसभर."

"रिकामा कुठं? तुमची गाडी असते ना."

दसऱ्याच्या थोडं आधी त्यांनीच शांतपणे सांगितलं की रहिवाशांची मागणी महापालिकेत मंजूर झाली आहे. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी माणसं येणार, पट्टा पुसणार आणि तिथं पार्किंगचे चौकोन आखणार. वापर नाही असं कारण त्यांनी दिलं. आम्ही रोज ज्यावरून जातो त्याला वापर नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा मला एकदम आठवलं, दसऱ्याचा दुसरा दिवस कुणाचा असतो ते.

म्हणून ते पोतं.

बाजारातून आले तेव्हा बायका सायकली धुऊन पट्ट्यावर ओळीनं उभ्या करत होत्या. रंगकाम होणार म्हणून सगळ्यांनी मोटारी आधीच काढलेल्या, साहेबांचीही पेट्रोल भरायला गेलेली. वैशालीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगोळी काढली, अगदी त्या पांढऱ्या रेघेवरून. आम्ही हार ओवले, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मलूल झेंडूंनी तो रस्ता असा पिवळा झाला की शाळेच्या व्हॅनमधली पोरं काचेला नाकं लावून बघत होती. मला आईचं वाक्य ऐकू येत होतं आणि रस्त्यावरच्या पेट्रोलच्या वासातही विहिरीच्या पाण्याचा वास येत होता.

रंगाचं यंत्र घेऊन माणसं आली. मागोमाग साहेबही आले.

"हे काय ताई? सायकली काढा इथून."

"काढते. दिवे लागल्यावर काढते."

"म्हणजे?"

"आमच्यात पाठच्या दसऱ्याला पूजलेली सायकल दिवेलागणीपर्यंत हलवत नाहीत. काल तुमच्या गाडीची पूजा झाली, मी काही बोलले का?"

साहेब मुकादमाकडे वळले. "तुम्ही बाजूला सरकवा आणि काम सुरू करा."

मुकादम दिंडोरीकडचा असावा. त्यानं रांगोळीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं आणि चप्पल काढून हात जोडले. "पूजेवरून यंत्र नाय चालवणार साहेब. आमची बी पोरंबाळं हायेत."

साहेबांनी मग स्वतः पहिल्या सायकलीच्या हँडलला हात घातला. ती वैशालीची होती. वैशाली आडवी आली. आवाज चढवला नाही तिनं, पण नामपूरहून थेट आला तो आवाज.

"हाई सायकल मनी शे. मी आठेच उभी शे."

ही सायकल माझी आहे, मी इथंच उभी आहे, एवढं अहिराणी साहेबांनाही कळलं; त्यांनी हात काढला. गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती, त्यांत साहेबांच्या बाईही होत्या. त्यांनी वरून हाक मारली, "अहो, या वर. चहा गार होतोय." चहाचं निमित्त झालं म्हणून साहेब वर गेले, आणि रंगवाले यंत्र आवरून निघून गेले.

दिवसभर आम्ही तिथं बसलो. सतरंज्या आल्या, पोहे आले. दुपारच्या उन्हात सीट तापल्या आणि तो जुना वास आला, रेक्झिनचा असला तरी आला. बायका आपापल्या जुन्या सायकलींबद्दल बोलत होत्या. चालवलेल्या थोड्या, मागून न मिळालेल्याच जास्त. जनाआत्या असती तर मधोमध बसली असती, हे मी मोठ्यानं म्हणाले आणि मला रडू आलं. ते मी येऊ दिलं. दिवे लागले तेव्हा आम्ही सायकली हलवल्या आणि वैशाली मला म्हणाली, "काकू, वाचला ना पट्टा?" मी हो म्हणाले.

वाचला नव्हता. असल्या गोष्टी एका पूजेनं वाचत नाहीत, हे मला समजायला हवं होतं. दिवाळी झाली. बालवाडी उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी, आम्ही बायका घराघरांत जेवणाची भांडी आवरत असताना, दुसरीच माणसं आली. मी पिशवी घेऊन खाली उतरले तेव्हा पांढऱ्या रेघेवर काळा रंग चढला होता आणि त्यावर पार्किंगचे चौकोन ओले चकाकत होते. पहिल्याच चौकोनात साहेबांची मोटार. त्या रंगाच्या वासानं डोकं उठलं. मी तिथंच कट्ट्यावर बसले.  वैशालीच्या खिडकीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उगाचच सायकल घेऊन खाली आले. बाकीच्याही आल्या. समोरच्या इमारतीच्या फाटकात नितीन स्कूटर सुरू करून उभा होता. हेल्मेट घातलेलं आणि दुसरं हातात. वैशाली बाहेर आली, नवा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. हातात सायकल.

"अगं, पट्टा गेला ना," नितीन म्हणाला. "आता कशावरून जाणार? बस मागं, सोडतो."

वैशालीनं रस्त्यावरच्या काळ्या रंगाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"पट्टा गया," ती म्हणाली. "मी शे ना."

ती सीटवर बसली. साहेबांच्या मोटारीला वळसा घालून रस्त्याच्या भर मध्यावर आली आणि हायवेच्या दिशेनं निघाली. आम्ही सगळ्या तिच्यामागे निघालो. मागून एका मोटारीनं हॉर्न दिला, मग लांब हॉर्न दिला. ती बाजूला झाली नाही.